दारं कोण धरतं?

१

रामहरीचा दिवस लव्हाळ्याने सुरू व्हायचा. तांबडं फुटायच्या आत तो खुरपं घेऊन बागेत बसायचा. काल जिथून गवत मुळासकट उपटलं, तिथंच आज ते बोटभर वर आलेलं दिसलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन तो छत्तीस साली निरवांगीला परत आला होता. सरकारी नोकरीची दोन बोलावणी त्याने फाडून टाकली होती. आल्या आल्या चावडीपुढच्या ओट्यावर उभा राहून तो म्हणाला होता, "या गावातल्या बायकांचं निम्मं आयुष्य खुरपण्यात आणि पाणी देण्यात जातं. मी अशी बाग करून दाखवतो की जिला माणूस लागणार नाही. बाईच्या हातचा घामाचा एक थेंब लागणार नाही!"

"आन् मग बायकांनी काय करायचं?" कुणीतरी मागून विचारलं.

"शिकायचं!" रामहरी इतक्या जोरात ओरडला की लोक हसायचे थांबले.

नुसत्या गप्पा नव्हत्या त्या. त्याने दहा वाफ्यांत हातभर जाडीचं उसाचं पाचट अंथरलं. पाचटाखाली ओल टिकेल, गवत दबेल, असा हिशोब होता. कडेला शेवगा, पेरू आणि लिंबू लावले, म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं बघायला नको. दोन वर्षं झाली. पाचटाला वाळवी लागली आणि लव्हाळा पाचट फोडून वर आला. पेरूची झाडं मात्र अजून गुडघ्याएवढीच होती.

आणि बांधाला बांध लागून सावळारामची बाग होती.

सावळाराम चौथीत शाळा सोडलेला, रामहरीच्या बरोबरीचा. त्याला खुरपं धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तो आपला बाभळीखाली मुंडासं तोंडावर ओढून पडलेला असायचा. आणि त्याच्या वाफ्यांत गवताची काडी नसायची. वांगी उन्हात बघवायची नाहीत इतकी चकाकायची.

न्याहारी घेऊन आलेली रतन, रामहरीची बायको, त्या दिवशीही घायपाताच्या कुंपणापाशी थबकली.

"अवो, भाऊजींचा घेवडा बघितला का? ह्यो एवढा झुबका. आन् माणूस तर कवाबी बघा, निजल्याला!"

ती सहज बोलली. रामहरीच्या तोंडातला घास मात्र कडू झाला. ज्या बागेचं त्याने गावाला वचन दिलं होतं, ती बाग उभी होती. फक्त ती दुसऱ्याची होती.

२

बागेतल्या सगळ्या कामांत रामहरीला एकाच कामाचा खरा राग होता, ते म्हणजे दारं धरणं.

आमच्याकडे वाफ्याच्या तोंडाला दारं म्हणतात. पाटाचं पाणी आलं की एका माणसाने खोरं घेऊन घोटाभर चिखलात उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याच्या तोंडावर माती ओढायची आणि पुढच्याचं तोंड फोडायचं. पाणी चालू आहे तोवर जागा सोडायची नाही. बदली माणूस आला, की खोरं हातातून हातात द्यायचं आणि म्हणायचं, "धर." मग पहिला सुटला. म्हणून एरवी खोरं कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्याने ते जमिनीवरून उचलायचं.

"कशासाठी पण?" रामहरीने एकदा पाटकरी तात्याबांना विचारलं होतं. पाटाचं पाणी कुणाला कधी सोडायचं हे तात्याबा ठरवायचे. म्हातारं माणूस होतं, दाढीचे खुंट पांढरे झालेले.

"हातात दिलं की घेनारा अडाकतो, बाबा."

"कशात अडकतो?"

"दाऱ्यात. आनि कशात?" तात्याबा हसले. "तुमच्या कालेजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?"

त्या आठवड्यात सावळारामच्या पाण्याची पाळी होती. ऐन दुपारची वेळ. रामहरी कुंपणाआड खुरपत होता. पलीकडून आवाज येत होता. खस्स. मग थोडा वेळ नुसतं पाणी. मग पुन्हा खस्स. खोऱ्याने ओला चिखल ओढल्याचा तो आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता, की बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

मग त्याने पाहिलं. सावळाराम बाभळीखाली घोरत होता.

पाणी तिसऱ्या वाफ्यात होतं. वाफा भरला. खस्स. पाणी चौथ्यात गेलं.

रामहरीने डोळे चोळले. उतार असणार, तो स्वतःला म्हणाला. जमीन अशी बेताने उतरती केली असणार की भरलेला वाफा आपोआप तुंबतो आणि पाणी पुढे सरकतं. अडाण्याला जमलं आणि आपल्याला सुचलं नाही! भीती अशी त्याला वाटलीच नाही. पोटात नुसता जाळ उठला.

दुसऱ्या दिवशी सावळाराम गावात गेलेला पाहून त्याने कुंपण ओलांडलं आणि दोरी आणि पाण्याची बाटली लावून जमिनीची पातळी मोजली. जमीन तळहातासारखी सपाट होती.

३

"कामाला कोण ठेवलंयस?" त्याने तिसऱ्या दिवशी सरळच विचारलं.

सावळाराम न्याहारीला बसला होता. "कामाला? कुनी न्हाय."

"घरी कोण असतं तुझ्या?"

"कोन असनार? आई गेल्यापसनं एकटाच."

त्याने फडकं सोडलं. आत दोन भाकरी होत्या. एक त्याने पुढ्यात घेतली, दुसरी बाजूला बांधावर ठेवली. बांधाच्या त्या जागी आधीच्या दिवसांची भाकरी वाळून कडक झाली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

"ही कुणाची?"

सावळारामने भाकरीकडे पाहिलं. आपल्याच घरात अनोळखी माणूस दिसावा तसा तो गोंधळला. "काय की बा. सवय हाय. थापाया बसलो की हात दोन थापतो."

"सावळाराम, मला फसवू नकोस. ही बाग आपोआप कशी चालते?"

"मला इचारतूस? तूच शिकल्याला! मी म्हनतो, चालतीया तर चालू दे." तो हसला, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "खरं सांगू का रामहरी? मला न्हाय करमत हितं. एवढी बाग हाय, पर कायबी ग्वाड लागत न्हाय. झोपच येती नुसती."

रामहरीला वाटलं, हा आपल्याला खिजवतोय. सातव्या वाफ्यात एक खोरं उभं होतं. वाफा कोरडा होता आणि खोऱ्याचं पातं मात्र ओलं होतं. दांडा जरासा तिरका, जणू कुणी त्यावर हात ठेवून क्षणभर दम खात असावा.

"ते खोरं दे मला," रामहरी म्हणाला. त्याला वाटलं, जे काही आहे ते त्या पात्यात आहे, त्याच्या बाकात किंवा घडणीत. "चार दिवसांनी परत देतो."

"ने की." सावळाराम उठला, वाफ्यात उतरला आणि दांडा धरला. खोरं निघेना. त्याने दुसरा हात लावला आणि ओढलं. चिखलातून निघावं तसं नाही, एखाद्याची मूठ हळूहळू सुटावी तसं ते निघालं.

सावळाराम जागीच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. तो चहूकडे पाहत होता, जणू काहीतरी फार दिवसांनी आठवायला लागलं होतं आणि अजून पुरतं हाताला येत नव्हतं.

"आण इकडं," रामहरी म्हणाला.

"थांब. खाली ठिवतो, मंग उचल."

"तुमची ही खुळं कधी जाणार रे?" रामहरीने ते त्याच्या हातातून हिसकावलंच.

४

घराच्या दारातच वांग्याच्या भरताचा वास आला.

आमच्या बागेत एक धड वांगं नाही, रामहरीच्या मनात आलं. "वांगी कुठली?"

"भाऊजींनी दिली सकाळी." रतन पिठाचे हात पदराला पुसत उंबऱ्यापाशी आली. "काय चव हाय म्हनून सांगू! तोंडात टाकलं की—"

"रोज तेच! भाऊजींची वांगी, भाऊजींचा घेवडा! तिथंच जाऊन राहा की मग!"

रतनचा चेहरा पडला. पण ती उलट बोलणाऱ्यांतली होती. "वांग्याचं कवतिक केलं, मानसाचं न्हाय. तुमी दोन वरीस उन्हात करपताय, ते मला दिसत न्हाय व्हय? मी म्हनत हुते, दोघं मिळून खुरपू. तर तुमचं आपलं एकच, बाईच्या हाताचा घाम नको."

ते खरं होतं. तिने कितीदा विचारलं होतं आणि त्याने कितीदा तिला पाटी-पुस्तक देऊन घरात बसवलं होतं. आता ते आठवून तो जास्तच चिडला. त्याने खोरं तिच्यापुढे केलं.

"आता बघ माझी बाग. हे घे. ठेव आत."

"खाली ठिवा की. असं हातात देत न्हाईत."

"तूसुद्धा? धडे गिरवून काय उपयोग मग? धर म्हणतो ना, धर!"

रतनने धरलं. दांड्यावर तिच्या पिठाची पाच बोटं उठली. ती नेहमीसारखी हसली.

"धरलं. आता मला सोडवायला कोन येनार?"

रामहरी हातपाय धुवायला परसात गेला. परत आला तेव्हा चुलीवरचं भरीत करपत होतं आणि घरात कुणी नव्हतं. खोरंही नव्हतं. रागावून शेजारी गेली असेल, असं म्हणून त्याने तवली उतरवली.

५

पाचटाने आपला गुण दाखवला.

आठच दिवसांत. रामहरीला खुरपं धरावं लागलं नाही. लव्हाळा वर येईनासा झाला, वाळवी गेली, पेरूला पालवी फुटली. पाण्याची पाळी आली त्या दुपारी तो वही घेऊन बांधावर बसला आणि त्याने पाहिलं, की वाफा भरतोय, दारं मिटतंय, पुढचं उघडतंय. खस्स. त्याने वहीत लिहिलं: पाचटाचा थर कुजून जमीन सच्छिद्र झाल्याने पाण्याची वाटणी आपोआप होते. लिहिलेलं वाक्य त्याने दोनदा वाचलं. ते बरोबर वाटत होतं. तरी तिसऱ्यांदा वाचायचं त्याने टाळलं.

बारामतीला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या मंडळाला त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आमचे एक गृहस्थ समक्ष बाग पाहायला येतील आणि पसंत पडली तर तिचा नकाशा गावोगाव धाडू. निरवांगीचं नाव इंदापूर-बारामतीत होईल. मुली शाळेत जातील. रामहरीला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला. हे कुणाला तरी सांगावं म्हणून तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि आपण इथं कशाला आलो ते त्याला आठवेना.

सावळारामची बाग मात्र बसली. पंधरा दिवसांत तिथं कमरेएवढं गवत झालं. रामहरी मुद्दाम कुंपणापाशी जाऊन ते पाहून यायचा. त्याला वाटलं होतं, सावळाराम कपाळाला हात लावून बसला असेल. तर तो शीळ घालत खुरपत होता, आणि त्याच्या शेजारी एक बाई बसून खुरपत होती.

तिशीची असेल. वाळलेली, रंग मातीसारखा. बांधावरून ती चालत गेली तेव्हा रामहरीने तिचे पाय पाहिले. घोट्यापर्यंत पांढरे फटक होते, दिवसभर पाण्यात राहिल्यावर बोटांची कातडी होते तसे सुरकुतलेले. उन्हातसुद्धा ते वाळत नव्हते.

"ही कोण?" त्याने तात्याबांना विचारलं.

"ती व्हय? नकोशी. सावळारामची थोरली भन. चौथी पोर झाली म्हनून आईबापानं नाव ठिवलं नकोशी."

"त्याला बहीण कधी होती?"

"आता काय बोलावं! तू शाळंत असताना चिचा दिल्या न्हाईत का तिनं तुला?"

आणि आश्चर्य असं, की दिल्या होत्या. रामहरीला ते आता लख्ख आठवलं. "मग इतकी वर्षं कुठं होती?"

"कुठं असनार? हितंच की."  तात्याबांच्या कपाळावर आठी पडली. "हितंच हुती," ते पुन्हा म्हणाले आणि घाईने पाटाच्या वाटेला लागले.

६

दुपारी भाकरी थापताना रामहरीने दोन थापल्या. एकट्याला दोन कशाला, असं वाटून तो थबकला. पण पीठ मळलेलं होतं, तवा तापलेला होता.

वळणीवर एक हिरवं लुगडं होतं. त्याचा काठ घोट्याच्या उंचीइतका ओला असायचा. आज वाळेल, उद्या वाळेल म्हणून त्याने ते तसंच ठेवलं होतं. आईचं असेल. पण आईला जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि लुगडं तर नवं होतं. कोनाड्यात एक पाटी होती. तिच्यावर कुणीतरी वळणदार अक्षरात अर्धा धडा गिरवला होता. शाळेतल्या एखाद्या मुलीची राहिली असेल, असं त्याने ठरवलं. असं ठरवून टाकण्याची त्याला आताशा सवय लागली होती. बुद्धी चालणाऱ्या माणसाने प्रत्येक गोष्टीला कारण द्यावं, एवढं तो कॉलेजात शिकला होता.

मंडळाचे गृहस्थ येणार त्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी होती. ऊन तापलं होतं, वारा पडला होता. पाहुणे यायच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून रामहरी बागेत उतरला.

खस्स.

सातव्या वाफ्यात खोरं उभं होतं, दांडा जरासा तिरका. दांड्यावर पिठाची पाच बोटं होती.

त्याच्या खाली चिखलात दोन खळगे होते, पावलांएवढे. पाणी त्यांच्या कडेने वळसा घालून जात होतं, आत शिरत नव्हतं. खळग्यांच्या वर हवेत काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त ऊन तिथं जरा गढूळ वाटत होतं. आणि मग, जसं खोल विहिरीत वाकून पाहताना आधी अंधार आणि मग एकदम पाण्याचा डोळा दिसतो, तसं त्याला एक मनगट दिसलं. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यांतली एक पिचलेली.

रामहरीने हात पुढे केला. दांडा कोमट होता. त्याने जराशी ओढ दिली आणि त्याला कळलं, की पलीकडची पकड लगेच सैल झाली आहे. खोरं त्याच्याकडे कलतंय. कुणीतरी ते द्यायला केव्हाचं उतावीळ आहे. त्याच्या जिभेवर एक नाव आलं. र—

"अहो बागवाले! आलो बरं का आम्ही!" बांधावरून हाक आली.

आज खोरं हाललं तर पाणी फुटेल. आज, सगळ्यांच्या देखत. त्याच्या मनात एवढंच आलं. मघाशी आलेलं नाव तोवर गेलं होतं.

त्याने हात मागे घेतला आणि तो धोतराला पुसला. तळव्याला पीठ लागलं होतं.

७

गृहस्थ बारामतीचे, कोट-टोपीतले, मोठे हौशी. वाफा भरतो आणि दारं आपोआप मिटतं हे पाहून त्यांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. अर्धं गाव बांधावर जमलं होतं. सावळाराम आणि नकोशीही मागे उभी होती.

"मदतीला कोण असतं?" गृहस्थांनी वही उघडली.

"कोणी नाही," रामहरी म्हणाला. त्याचा ऊर भरून आला. "लिहा. कोणी नाही."

लोकांत कुजबुज झाली. नकोशी पुढे आली आणि सातव्या वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. हलक्या आवाजात ती म्हणाली, "पाय गार पडलं व्हय गं? कडंला सरक. तितं जरा ऊन लागतंय."

"कुणाशी बोलते ही?" रामहरी चिडून म्हणाला. आजच्या दिवशीसुद्धा यांना माझ्या बागेत खोट काढायची आहे!

नकोशीचा हात खोऱ्याकडे निघाला होता. सावळारामने तो धरला. "न्हाय, आक्का. तू न्हाय." मग तो रामहरीकडे वळला.  "रामहरी, घरी कोन कोन असतं रं तुझ्या? नीट आठीव. आठवून सांग."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. पाणी काठोकाठ आलं होतं. कुठंतरी बांगडी किणकिणली, जणू कुणी ऐकायला हात थांबवला असावा.

"कोण असणार?" रामहरी म्हणाला. "मी एकटाच."

खस्स.

सातवं दारं मिटलं आणि आठवं उघडलं. गृहस्थांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दिवस कलायच्या आत सगळे पांगले. बागेचा नकाशा गावोगाव जाणार हे ठरलं होतं. रामहरी बांधावर बसला आणि त्याने फडकं सोडलं. एक भाकरी पुढ्यात घेतली, दुसरी बाजूला ठेवली. कुंपणापलीकडे कमरेएवढ्या गवतात सावळाराम आणि त्याची बहीण खुरप्यावरून भांडत होती. ती त्याला "आळशा, मेल्या!" म्हणत होती आणि दोघंही हसत होती.

त्यांच्या बागेत धड एक वांगं नव्हतं. रामहरी त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या पोटात तोच जुना जाळ उठला. कशाचा, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.